‘देव सोसवेल तेवढंच देतो’ हे वचन बायबलमध्ये नाही

कळवा असो की वाशी, दुःखाच्या घरी भेटीला गेलेलं कोणीतरी हमखास म्हणतं, “देव झेपेल तेवढंच ओझं देतो, बायबलच सांगतं.” असं वचन बायबलमध्ये नाही.

हा समज १ करिंथ १०:१३ वरून, म्हणजे प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातून आला. तिथे म्हटलंय की देव तुमच्या शक्तीपलीकडे तुमची परीक्षा होऊ देणार नाही. तिथला मूळ ग्रीक शब्द ‘पेइरास्मॉस’. त्याचा अर्थ परीक्षा आणि मोह, दोन्ही. मागच्या ओळींत मूर्तिपूजा, व्यभिचार, कुरकुर यांचा इशारा आहे आणि लगेच १४ व्या ओळीत ‘मूर्तिपूजेपासून दूर पळा’. विषय पापाच्या मोहाचा आहे. कॅन्सर, कर्ज किंवा मुलाच्या मृत्यूचा नव्हे.

उलट २ करिंथ १:८ मध्ये पौल स्वतःच लिहितो की आशियात (आजच्या तुर्कीतल्या रोमन प्रांतात) ओझं शक्तीपलीकडचं झालं, जगण्याचीही आशा उरली नाही. पुढे भरवसा मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर, स्वतःच्या ताकदीवर नाही.

चुकीचं वाक्य ऐकून खचलेला माणूस ‘माझाच विश्वास कमी’ असं समजून गप्प बसतो. म्हणून भेटीला जाताना जेवणाचा डबा न्या, दवाखान्याची एक पाळी घ्या. वाचायचंच तर बायबलमधलं स्तोत्र १३ वाचा: सहाच ओळी, सुरुवात ‘कुठवर?’ अशी. जगणं नकोसं झाल्याचं कोणी बोललं, तर प्रार्थनेसोबत टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक तिथेच बसून लावून द्या.