लिंकन यांची तात्पुरती कबर आणि काचेवरचा पुरावा

४ मे १८६५ रोजी अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्ड गावी, ओक रिज दफनभूमीत, अब्राहम लिंकन यांचा अंत्यविधी झाला. पण शवपेटी जमिनीत पुरली नाही. स्मारक कुठे बांधायचं यावरूनच वाद होता. गावातल्या पुढाऱ्यांना ते गावाच्या मध्यभागी हवं होतं, तर लिंकन यांच्या पत्नी मेरी ओक रिजवर ठाम होत्या. म्हणून पेटी टेकडीच्या पोटात बांधलेल्या दगडी तळघरात ठेवली. शेजारीच १८६२ मध्ये वारलेल्या अकरा वर्षांच्या विलीची, त्यांच्या मुलाची पेटी होती.

या तळघराचे तेव्हा काढलेले फोटो आजही पाहायला मिळतात. त्या काळच्या अशा फोटोंत आकाश कोरं पांढरं आणि झाडं काळपट दिसतात. हवा तशी होती म्हणून नव्हे, तर हा रसायनाचा गुण आहे. काचेवर आयोडाइड मिसळलेल्या कोलोडियन या द्रवाचा चिकट, साईसारखा पातळ थर ओतायचा आणि काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. तयार होणारं सिल्व्हर आयोडाइड निळ्या प्रकाशाला झटकन दाद देतं. हिरवा, लाल त्याला जवळजवळ दिसतच नाही. काच ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा, म्हणून छायाचित्रकार अंधारा तंबू सोबत वागवत. एक्स्पोजर, म्हणजे काचेवर प्रकाश पडू देण्याचा वेळ, काही सेकंदांचा असे. तेवढ्यात कुणी हललं की त्याचा धूसर डाग उमटे, दगड मात्र रेघ न् रेघ स्पष्ट.

फोटो नेमका कधीचा, हे कसं ठरवायचं? २१ डिसेंबर १८६५ ला पेटी जवळच नव्याने बांधलेल्या दुसऱ्या तात्पुरत्या कबरीत हलवली आणि १८७१ मध्ये अर्धवट बांधून झालेल्या स्मारकात नेली. त्यामुळे पहिल्या तळघराच्या दाराशी पहारा दिसत असेल आणि झाडांना भरगच्च पानं असतील, तर तो १८६५ च्या उन्हाळ्याच्या आसपासचा असण्याची शक्यता मोठी.

मला सर्वांत बोलकी वाटते ती काचेवरून कागदावर उतरवलेल्या फोटोची मागची बाजू. यादवी युद्धाचा खर्च भागवण्यासाठी सप्टेंबर १८६४ पासून ऑगस्ट १८६६ पर्यंत अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या फोटोंवर कर होता. त्याचं तिकीट पाठीवर चिकटवून विक्रेत्याने ते आद्याक्षरं आणि तारीख घालून रद्द करायचं, असा नियम होता. तारीख सगळेच घालत नसत. पण नुसतं तिकीट असलं तरी ती प्रत त्या दोन वर्षांत विकली गेली, हे कळतं. म्हणून संग्रहालयांनी स्कॅन करताना मागची बाजू वगळू नये, असं मला मनापासून वाटतं.