आर्किटेक्टचा मुलगा की आर्किटेक्ट मुलगा?

"त्यांच्या घरातच आर्किटेक्चर आहे, तिसरी पिढी!" एवढं ऐकलं की सोलापुरात प्लॉट घेतलेला माणूस निर्धास्त होतो आणि पुढे काही विचारतच नाही. सगळी गल्लत इथेच सुरू होते.

घराण्यातून काय मिळतं हे सगळ्यांना ठाऊक आहे: ऑफिस, ओळखी, भरवशाचे मिस्त्री. माझ्या मते त्यात सगळ्यात मोलाच्या जुन्या कामांच्या फायली. कुठल्या प्लॉटवर काळी माती किती खोल होती, मुरूम कितीवर लागला, हे वडिलांनी नकाशाच्या कडेला पेन्सिलीने लिहून ठेवलेलं असतं. कॉलेजात हे कोण शिकवणार?

'आर्किटेक्ट' ही उपाधी मात्र वारशाने येत नाही. 1972 च्या आर्किटेक्ट्स ॲक्टनुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे ज्याची नोंदणी आहे त्यानेच ती लावायची. त्यासाठी पाच वर्षांचं बी.आर्क. हवं, नोंदणी स्वतःच्या नावावर हवी आणि तिचं नूतनीकरणही वेळेवर व्हायला हवं. भागीदारीच्या पाटीवर 'आर्किटेक्ट्स' लिहायचं तर एकूण एक भागीदार नोंदणीकृत असावा लागतो. आणि बी.आर्क. केलेलं असतं सुनेने, पाटीवर नाव मात्र मुलाचं, हे बघून तर संताप येतो.

इंजिनिअर भावाने घराचा नकाशा काढू नये, असं कायदा म्हणत नाही. कलम 37 ने फक्त उपाधी राखून ठेवली आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. परवानाधारक इंजिनिअरने आपल्या मर्यादेत, इंजिनिअर म्हणून खुशाल सही करावी. त्यात कमीपणा कसला?

मग ओळखायचं कसं? नकाशावरचा शिक्का वाचा. नोंदणी क्रमांकात आधी 'सीए', मग नोंदणीचं वर्ष आणि मग आकडा असतो. समोर तिशीतला मुलगा बोलतोय आणि शिक्क्यात 1987 दिसतंय, तर तो क्रमांक वडिलांचा. वडील अजून स्वतः काम बघत असतील तर उत्तमच, पण मग चर्चेला आणि साइटवरही तेच यायला हवेत. डिझाइन एकाचं आणि शिक्का दुसऱ्याचा, हे मला अजिबात मान्य नाही. नोंदणी चालू आहे की नाही ते कौन्सिलच्या वेबसाइटवर दिसतं. फी ठरवायच्या आधी तेवढं बघून घ्या.