ढग आले म्हणजे रात्री कडाका? नाही
इंदूरच्या मराठी घरांत पौषात आभाळ भरून आलं की हमखास ऐकू येतं, ‘आज रात्री कडाका पडणार.’ होतं उलटंच. दिवसा ऊन अडतं, दुपार गारठते, म्हणून समज पक्का होतो. पण रात्री जमिनीतून निघणारी उष्णता हेच ढग शोषतात आणि त्यातली बरीच परत खाली सोडतात. किमान तापमान सहसा चढतं. भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभामुळे, म्हणजे कमी दाबाच्या हिवाळी प्रणालीमुळे, ओलसर हवा वर चढते, थंड होते, वाफ सूक्ष्म कणांवर जमून थेंब बनतात, तेच हे ढग. कधी मावठा, म्हणजे हिवाळी पाऊसही पडतो. कडाका येतो तो विक्षोभ सरकल्यावर, आकाश निरभ्र होऊन उत्तरेचे वारे सुटले की. आजी-आजोबांसाठी जास्तीची रजई त्या रात्री काढा.