गॅस संपलाय की करंट पोचत नाही?

गाडीचा एसी गार करेना म्हटलं की घोडबंदर रोडपासून तुर्भ्यापर्यंत पहिला सल्ला ठरलेला: गॅस मारून घ्या. ब्लोअर चालू, पुली फिरतेय, पण क्लचची (पुली आणि कॉम्प्रेसर जोडणाऱ्या भागाची) पुढची प्लेट जागची हलत नाही, अशा गाडीत दोन वेगळे दोष असू शकतात. एक, गॅस इतका कमी की प्रेशर स्विचनेच क्लच तोडलाय. दुसरा, गॅस आहे, पण क्लचची प्लेट ओढून धरणाऱ्या कॉइलला करंट पोचत नाही.

गळतीची लक्षणं बहुतेकांना पाठ असतात: गारवा हळूहळू उतरणं, जॉइंटवर तेलकट डाग. त्यात शिरत नाही.

निवाडा गेजवर, म्हणजे गॅसचं प्रेशर दाखवणाऱ्या मीटरवर होतो. इंजिन बंद, गाडी पूर्ण थंड. आर-१३४ए गॅसच्या गाडीत ३० अंशांना साधारण ९५ ते १०० पीएसआय दिसायला हवेत. प्रेशर स्विच तोडतो तो साधारण ३० च्या खाली. म्हणजे गेजवर ९५ असतील तर क्लच न बसण्याचा ठपका गॅसवर ठेवता येत नाही. गॅस पूर्ण आहे असं मात्र यातून ठरत नाही. सिस्टिममध्ये थोडा द्रव शिल्लक असला तरी प्रेशर तेवढंच दिसतं.

आता जिथे हमखास फसगत होते ते. कॉइलच्या वायरीचा कप्लर (प्लग) काढायचा, मल्टीमीटर लावायचा, १२ व्होल्ट दिसले की 'करंट येतोय, कॉइल गेली' म्हणत नवा क्लच गळ्यात मारायचा. हे निदान मुळीच नाही. मल्टीमीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे रिलेचा (कॉइलचा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचा) जळका पॉइंट असो की ऐरोली-वाशीच्या खाऱ्या, दमट हवेत हिरवी पडलेली पिन, तो बारा दाखवणारच. कॉइल ३-४ अँपिअर ओढू लागली की तिथेच व्होल्टेज बसतं.

म्हणून कप्लर जोडलेलाच ठेवा. इंजिन आणि एसी चालू करा, वायर-प्रोब पट्ट्यापासून लांब ठेवा आणि मागच्या बाजूने पिनला प्रोब लावा. बॅटरीवर १४ आणि कॉइलवर १३.५ असतील तर वायरिंग ठीक. कॉइलवर ९-१० च आले तर आधी कॉइलची अर्थ पिन आणि बॅटरी निगेटिव्ह यांच्यामध्ये मोजा. ०.२ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग साफ करा. तिथे ठीक असेल तर अडचण प्लसच्या बाजूला, आणि पहिला संशय रिलेवर. त्याच नंबरचा शेजारचा रिले बदलून बघायला दोन मिनिटं लागतात.

व्होल्टेज पूर्ण असूनही क्लच बसत नसेल तरच कॉइल तपासा: थंड असताना साधारण ३ ते ५ ओहम. सकाळी बसतो, गरम झाल्यावर सुटतो, अशी तक्रार असेल तर प्लेटचा गॅप मोजा. तो सहसा ०.३ ते ०.६ मिमी हवा. झिजून वाढला असेल तर बऱ्याच क्लचमध्ये एक शिम (पातळ चकती) काढून भागतं.

माजिवड्याच्या सिग्नलला एसी जातो, गाडी पळाली की येतो? आधी कंडेन्सरचा (गॅस थंड करणाऱ्या पुढच्या जाळीचा) फॅन बघा. तो चालत नसेल तर उभ्या गाडीत प्रेशर आधीच चढलेलं असतं, गॅस वाढवला तर आणखी चढेल.

प्रेशर स्विच शॉर्ट करून गाडी हाती देणं तर अक्षम्य आहे. कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबरच फिरतं. गॅस नसेल तर तो कोरडा पडून जाम होतो. प्रेशर स्विच तीन वायरींचा असेल तर तो सहसा सेन्सर असतो, त्याला ५ व्होल्ट असतात. तिथे जंपर (शॉर्ट करायची वायर) लावूच नका.

काही नव्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरला क्लचच नसतो, आतला कंट्रोल व्हॉल्व्ह काम करतो. तिथे प्लेट बघून काहीच कळणार नाही, स्कॅनर लागतो.