‘टक्के’ की ‘टक्क्यांनी’? स्तंभालेखावरच्या प्रश्नांची पार्श्वभूमी

स्तंभालेख जन्मला तो आकडे कमी पडले म्हणून. १७८६ साली एका स्कॉटिश लेखकाने व्यापाराचे आलेख छापले. बाकी देशांच्या वर्षानुवर्षांच्या आकडेवारीच्या त्याने रेषा काढल्या. स्कॉटलंडचे आकडे मात्र त्याच्याकडे एकाच वर्षाचे होते, १७८०-८१ चे. मग १७ देशांशी झालेली आयात-निर्यात त्याने शेजारी शेजारी आडव्या पट्ट्यांनी दाखवली. आपल्या शाळेत याला जोडस्तंभालेख म्हणतात. हा प्रकार रेषांपेक्षा कमी उपयोगाचा, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे.

आपल्याकडच्या स्पर्धा परीक्षांच्या उमेदवाराचा या पट्ट्यांशी खरा सामना झाला २०११ पासून. त्या वर्षी बहुतेक सरकारी बँकांची भरती एका सामाईक लेखी परीक्षेखाली आली आणि केंद्रीय नागरी सेवांच्या पूर्वपरीक्षेत सीसॅट, म्हणजे आकलन, तर्क आणि अंकगणिताचा कल-चाचणी पेपर आला. बँकांच्या परीक्षेत आलेख आधीही असत, पण आता एका आलेखावर पाच प्रश्नांचा ‘सेट’ हे घराघरातलं माप झालं. राज्यसेवेत सीसॅट २०१३ ला आला. इंजिनीअरिंगवाल्यांना फायदा आणि कला शाखेवाल्यांचा तोटा, हा वाद तेव्हापासूनचा. केंद्राने २०१५ पासून हा पेपर ३३ टक्के गुणांपुरता पात्रतेचा केला, राज्याने २०२३ पासून. आलेखाचे प्रश्न त्या वादात गणिताच्या खात्यात टाकले गेले, आणि तिथेच गफलत झाली असं वाटतं. कारण या प्रश्नांत मार्क जातात ते बहुतेकदा विभक्तीवर.

समजा, दोन साखर कारखान्यांच्या गाळपाचे स्तंभ आहेत, पहिला ३०० चा, दुसरा २४० चा. दुसऱ्याचं गाळप पहिल्याच्या किती टक्के? ८०. पहिल्यापेक्षा किती टक्क्यांनी कमी? २०. आता पाया बदला. पहिल्याचं गाळप दुसऱ्यापेक्षा किती टक्क्यांनी जास्त? २५. दुसऱ्याच्या किती टक्के? १२५. पर्याय चार आणि चारही कुठल्या ना कुठल्या वाचनाने बरोबर. भागाकार चौथीतल्या मुलालाही जमेल. ‘च्या’, ‘पेक्षा’ आणि ‘नी’ घाईत नीट वाचणं पदवीधरालाही जड जातं.

स्तंभच टक्क्यांचे असले की गुंता वाढतो. निकाल ४० टक्क्यांवरून ५० वर गेला, तर वाढ १० की २५? क्लासचं उत्तर ठाम असतं: ‘किती टक्क्यांनी’ विचारलं तर २५, आणि १० हा नुसता फरक. रोजची मराठी असं मानत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो, ६.५० वरून ६.२५ वर आला, तेव्हा आपण सगळे ‘पाव टक्का कपात’ म्हणालो. परीक्षेच्या हिशोबाने ती जवळपास ३.८५ टक्क्यांनी घट. या फरकाला इंग्रजीत वेगळा शब्द आहे. मराठीत ‘टक्केबिंदू’ अधूनमधून दिसतो, पण तोंडात कुणाच्याच बसलेला नाही. त्यामुळे अनुवादित प्रश्नात उमेदवाराला नियम आठवावा लागतो, भाषा मदतीला येत नाही.

बँकांच्या परीक्षेत छापील प्रश्नपुस्तिका होती तेव्हा पोरं हॉलतिकिटाची कड आलेखावर आडवी धरून स्तंभाची उंची अक्षावर नेत. अंदाज घेण्याची ती कला होती, चुकायची सोयही होती. या परीक्षा संगणकावर गेल्या तशी ती कड कामाची राहिली नाही आणि आकडा बऱ्याचदा स्तंभाच्या डोक्यावरच छापला जाऊ लागला. मग स्तंभ उरला कशाला? तोच आकडा कोष्टकातून घेतला तरी उत्तर तेच. अलीकडे ‘मिसिंग डीआय’ (डीआय म्हणजे डेटा इंटरप्रिटेशन, आकडेवारीवरचे प्रश्न) आला, त्यात एखादा आकडा गाळून त्याचा सुगावा खालच्या वाक्यात देतात. ‘केसलेट’ तर नुसता परिच्छेद. तिथे उमेदवार कच्च्या कागदावर आधी स्वतःच कोष्टक आखतो. स्तंभ काढत बसायला वेळ कुणाकडे आहे!