बेकारी ०.१ ने वाढली म्हणजे नक्की किती माणसं?

आमच्या एडिसन गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर न्यू जर्सीचे रोजगाराचे आकडे आले की कुणीतरी हमखास लिहितं, नोकऱ्याही वाढल्या आणि बेकारीही वाढली, असं कसं, सरकार काहीतरी लपवतंय. लपवत नाहीये हो, दोन आकडे दोन वेगळ्या सर्व्हेतून येतात.

नोकऱ्या मोजतात कंपन्यांच्या पगारपत्रकावरून, ऑफिस ज्या राज्यात तिथे. बेकारी मोजतात घरोघरी विचारून, म्हणजे माणूस राहतो तिथे. माझा शेजारी रोज मेट्रोपार्कहून ट्रेन पकडून मॅनहॅटनला जातो, त्याची नोकरी न्यूयॉर्कच्या खात्यात आणि तो स्वतः न्यू जर्सीच्या. उद्या ती गेली तर न्यू जर्सीत एक बेकार वाढेल पण न्यू जर्सीची नोकरी एकही कमी होणार नाही. शिवाय बेकार म्हणजे बेकारी भत्ता घेणारा असंही नाही. काम नाही, गेल्या चार आठवड्यांत शोधलंय आणि मिळालं तर करायला तयार आहे, तो बेकार. कंटाळून शोधणं सोडलं की हिशोबातूनच बाहेर, दर उलट खाली येतो!

आता खरी गंमत. घरोघरच्या सर्व्हेत अख्ख्या अमेरिकेतून महिन्याला साधारण ६०,००० घरं घेतात, त्यातली एका राज्याच्या वाट्याला थोडीच. समजा काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या २,००० माणसांना विचारलं आणि खरा दर ५ टक्के आहे, तर सरासरी १०० बेकार सापडायला हवेत. पण २,००० × ०.०५ × ०.९५ म्हणजे ९५, त्याचं वर्गमूळ पावणेदहा, म्हणजे बाहेर काहीही बदललेलं नसताना एकदा ९० सापडतील, एकदा ११०, आणि दर ४.५ वरून ५.५. आपण ज्या ०.१ टक्क्यावर भांडतो ती या नमुन्यात फक्त २ माणसं, आणि राज्यात तीच जवळपास ५,००० होतात.

म्हणून एक घर सलग ४ महिने विचारतात, ८ महिने सोडतात, परत ४ महिने घेतात, त्यामुळे लागोपाठच्या दोन महिन्यांत पाऊण घरं तीच राहतात आणि फरक जरा भरवशाचा होतो. तरी राज्याला ते पुरत नाही, मग मॉडेल लावतात, त्यात मागचे महिने, भत्त्याचे अर्ज, पगारपत्रकातल्या नोकऱ्या हे सगळं धरून खरी चाल आणि नमुन्याची थरथर वेगळी काढतात, आणि न्यू जर्सी, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया या तिघांची बेरीज त्या विभागाच्या आकड्याशी जुळवून घेतात.

या थरथरीतच लोकांना काहीही दिसतं. ग्रुपवर एकांनी गुरूचा राशीबदल आणि नोकऱ्या जुळवून दाखवल्या होत्या, टीव्हीवाले त्याच जागी गव्हर्नरला बसवतात. दोन्हीला आधार सारखाच, म्हणजे काही नाही.

मी तीन-चार महिने आकडा एकाच दिशेने सरकतोय का ते बघतो. आणि वर्षातून एकदा बेकारी विम्याच्या नोंदींशी ताडून नोकऱ्यांचे जुने आकडे दुरुस्त होतात ना, ते सगळ्यात मन लावून वाचतो, कारण तो सर्व्हे नसतो, जवळजवळ सगळ्या मालकांनी भरलेला हिशोब असतो.