लसीका ग्रंथींची सूज : संसर्ग व कर्करोग यांतील भेद

मान, काख किंवा जांघेतील लसीका ग्रंथी (रोगप्रतिकाराचे काम करणाऱ्या लहान गाठी) वाढून हाताला लागू लागल्यावर त्यामागे संसर्ग आहे की कर्करोग, हे ठरवण्याची वैद्यकीय रीत. पायाच्या जखमेने जांघेत येणारे अवधाण सर्वपरिचित आहे.

सुश्रुतसंहितेच्या (काळ विवाद्य, आजची संहिता अनेक शतकांत सिद्ध झाली असावी) निदानस्थानात ग्रंथी, अपची, अर्बुद व गलगंड यांचे वर्णन एकाच अध्यायात येते. अपचीच्या गाठी आवळ्याच्या आठळीएवढ्या किंवा माशाच्या अंड्यांच्या पुंजक्यासारख्या. काही फुटून वाहतात, तर नव्या उठतात. अर्बुद मात्र स्थिर, खोल मुळाचे, सावकाश वाढणारे व न पिकणारे. अपची म्हणजे क्षयाच्या गंडमाळा आणि अर्बुद म्हणजे कर्करोग, असे समीकरण काही अभ्यासक मांडतात. त्यातले पहिले बरेचसे पटते. दुसरे सैल वाटते, कारण अर्बुदात निरुपद्रवी गाठीही मोडत असाव्यात.

संसर्ग व कर्करोग यांच्यातला घोळ युरोपातही दीर्घकाळ टिकला. इंग्रज वैद्य टॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये ग्रंथी व प्लीहा (पाणथरी) वाढलेल्या सात रुग्णांची हकिकत मांडली; त्या सर्वांना आज हॉजकिनचा म्हणून ओळखला जाणारा आजारच (लिंफोमा म्हणजे लसीका ग्रंथींच्याच कर्करोगाचा एक प्रकार) होता, असे आता मानले जात नाही. रोगविकृतितज्ज्ञ कार्ल स्टर्नबर्ग यांनी १८९८ मध्ये या आजाराला क्षयाचाच एक प्रकार मानले. अमेरिकन डॉक्टर डोरोथी रीड यांनी १९०२ मध्ये तो क्षयाहून वेगळा असल्याचे प्रतिपादन केले, आणि तेच टिकले.

संसर्गातली गाठ सहसा दुखरी, मऊ व हलणारी असते, आणि काही आठवड्यांत ओसरते. क्षयाच्या गाठी बहुधा दुखत नाहीत. त्या एकमेकींना चिकटतात, पुढे पिकून फुटतात. दगडासारखी कठीण, जागची न हलणारी गाठ इतरत्र झालेल्या कर्करोगाचा प्रसार सुचवते. तंबाखू खाणाऱ्याच्या मानेत अशी गाठ आढळल्यास तोंड व घसा तपासलाच पाहिजे. डाव्या गळपट्टीच्या हाडाच्या वरच्या बाजूची गाठ जठराच्या कर्करोगाची खूण असू शकते. लिंफोमाची गाठ रबरासारखी लागते. ताप, रात्रीचा घाम व वजन घटणे ही लक्षणे क्षय व लिंफोमा दोन्हींत असतात, त्यामुळे केवळ त्यांवरून क्षयाची औषधे सुरू करणे धोक्याचे.

निर्णय ऊतक तपासणीनेच (गाठीचा अंश काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहून) होतो. सुईने काढलेल्या पेशी क्षय किंवा पसरलेला कर्करोग ओळखण्यास बहुधा पुरतात. लिंफोमाच्या संशयात शक्यतो अख्खी ग्रंथी काढावी लागते. त्याआधी स्टेरॉइड दिल्यास गाठ तात्पुरती विरून निदान हुकू शकते.